सेंट्रल कास्टिंग, बरबँक: नोंदणी फुकट, पुढचं आपलं आपण

आधी निकाल सांगून टाकते. लॉस एंजेलिस परिसरात एक्स्ट्रा म्हणून काम करायचं असेल, तर सेंट्रल कास्टिंग या सिनेमा-मालिकांना गर्दीतली माणसं पुरवणाऱ्या संस्थेच्या बरबँकमधल्या ऑफिसात नाव घालणं हा सगळ्यांत सरळ रस्ता आहे आणि त्याला एक छदामही पडत नाही. हिरोइन व्हायचं असेल तर मात्र हे ऑफिस त्यासाठी नाही. मंडळाच्या गणपतीतलं नाटक आटोपलं की कोणी ना कोणी मला कोपऱ्यात गाठून विचारतंच, "ताई, तुम्ही त्या शूटिंगला जाता ना? आम्हालाही सांगा की." म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

तिथे पहिला प्रश्न अभिनयाचा येत नाही, कागदांचा येतो. राज्य नाट्य स्पर्धेत नाशिक केंद्रावर बक्षीस मिळवलंय, संगीत नाटकात पदं म्हटली आहेत, हे सगळं तुमच्यापाशी ठेवा. त्यांना आय-९ हा फॉर्म हवा असतो, म्हणजे या देशात पगार घेऊन काम करायचा हक्क तुम्हाला आहे याचा पुरावा. कागद अस्सल लागतो. झेरॉक्स किंवा फोनमधला फोटो चालत नाही. एच-१बी, म्हणजे कंपनीने काढलेल्या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांनी इथेच थांबावं. तुमचा परवाना ज्या कंपनीने व्हिसा काढला तिच्यापुरताच आहे. शनिवारी गंमत म्हणून गर्दीत उभं राहून चेक घेतलात तरी ते बेकायदा काम ठरतं. शिकायला आलेल्या पोरांनाही हेच लागू. आम्हा एच-४ वाल्यांपैकी, म्हणजे एच-१बी वाल्यांच्या नवरा-बायकोंपैकी काहींना २०१५ पासून कामाचं कार्ड, म्हणजे ईएडी मिळतं, पण त्यासाठी साधारणपणे नवऱ्याची किंवा बायकोची ग्रीन कार्डाची आय-१४० ही पायरी मंजूर झालेली असावी लागते. ते होईपर्यंत मी मंडळाच्या एकांकिकांमध्ये सासू, शेजारीण आणि एकदा चक्क सरपंच अशा भूमिका करत दिवस काढले.

यात आपणच पहिले नाही, एवढं समाधान आहे. डेव्हिड निव्हन हा इंग्रज नट १९३० च्या दशकात इथे धडपडत होता तेव्हा कामाचा परवाना नाही म्हणून त्याला देश सोडून मेक्सिकोत जाऊन राहावं लागलं होतं. रीतसर कागद घेऊन परतल्यावर सेंट्रल कास्टिंगच्या दप्तरात त्याची नोंद झाली ती 'अँग्लो-सॅक्सन टाइप नंबर २००८' अशी. ही हकीकत त्याची त्यानेच सांगितलेली, आणि गडी गोष्टी रंगवण्यात पटाईत होता, तेव्हा थोडं मीठ-मसाल्याचं वजा करा. पण १९५९ साली प्रमुख भूमिकेसाठी त्याला ऑस्कर मिळालं, त्यात वजा करण्यासारखं काही नाही.

नोंदणी सोपी आहे. आधी ऑनलाइन माहिती भरायची, मग ओळख पटवायला स्वतः जायचं. उंची, कंबर, बुटाचा माप, केसांचा रंग, गाडी कुठली आणि कुठल्या रंगाची, पोहता येतं का, केस कापायची तयारी आहे का, असं सगळं भरावं लागतं. वजन आणि मापं खरी लिहा. कपडेपट त्या आकड्यांवर तुमचा युनिफॉर्म काढून ठेवतो, आणि पहाटे थंडीत नर्सच्या न बसणाऱ्या पँटमध्ये उभं राहणं काही सुखाचं नसतं. साड्या, शालू, लेहंगे असतील तर आवर्जून नोंदवा. देशी लग्नाचं दृश्य आलं की स्वतःचा साज घेऊन येणाऱ्या बाईला भाव असतो. मग भिंतीसमोर उभं करून फोटो काढतात. काउंटरवरची मंडळी घाईत असली तरी नीट समजावून सांगतात, आणि माझं आडनाव त्या मुलीने दोनदा विचारून बरोबर म्हटलं, याचे मी तिला जास्तीचे गुण देते.

फी नाही याचं अनेकांना आश्चर्य वाटतं. पण या संस्थेचा जन्मच त्यासाठी झालाय. १९२५ साली स्टुडिओंनी मिळून ती काढली, कारण त्याआधी खासगी दलाल एक्स्ट्रांकडून पैसे उकळायचे आणि कामाच्या आशेने लोक स्टुडिओंच्या फाटकांवर ताटकळायचे. आज मालक वेगळे आहेत, न्यूयॉर्क, जॉर्जिया आणि लुइझियानातही ऑफिसं आहेत, पण नाव घालायला पैसे नाहीत हा नियम कायम आहे. तुमच्याकडे कोणी 'सेंट्रल कास्टिंगमध्ये नाव लावून देतो' म्हणून पैसे मागत असेल, तर त्याला नमस्कार करून दार लावा.

आता कामाचा दिवस. बोलावण्याची वेळ आदल्या संध्याकाळी कळते आणि ती बऱ्याचदा अशी असते की घरातले अजून झोपलेले असतात. गाडी दूरच्या मैदानात लावायची, तिथून शटल, मग 'होल्डिंग' नावाच्या तंबूत किंवा हॉलमध्ये बसायचं. आपलेच दोन-तीन कपड्यांचे जोड आणायचे: लोगो नको, पांढरं नको, भडक नको, बारीक चौकटी नकोत. तिथे व्हाउचर मिळतं. तो कागद जपा, तुमचा पगार त्यावर ठरतो. आणि मग वाट बघणं. पुस्तक आणा, विणकाम आणा, फोनचा चार्जर आणा. मी अख्खा दिवाळी अंक एका बसणीत संपवलाय.

सेटवर बोलावलं की खरी मजा. सहायक दिग्दर्शक 'बॅकग्राउंड!' म्हणून ओरडतो तेव्हा आपण चालायला लागायचं, आणि 'अ‍ॅक्शन' त्यानंतर, मुख्य नटांसाठी. म्हणजे प्रत्येक दृश्यात आपण हिरोच्या आधी सुरू होतो, हे माझ्या सासूबाईंना सांगितल्यावर त्या फार खूश झाल्या. बोलायचं ते फक्त ओठांनी, आवाज शून्य. 'बॅक टू वन' म्हटलं की जिथून निघालो तिथे परत. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये हातात फाइल घेऊन मी डावीकडून उजवीकडे इतक्या वेळा गेले आहे की आता खऱ्या हॉस्पिटलात गेले तरी पाय आपोआप त्या वेगाने पडतात. नाटकवाल्यांना सगळ्यांत जड जातं ते कमी करणं. आपल्याला शेवटच्या रांगेपर्यंत पोचायची सवय. इथे कोणाचं लक्ष आपल्याकडे गेलं तर काम बिघडलं.

पैशांबद्दल स्पष्ट बोलू. सॅग-आफ्ट्रा या नटांच्या युनियनच्या करारात बसणाऱ्या बॅकग्राउंडला, म्हणजे एक्स्ट्राला, १ जुलै २०२५ पासून आठ तासांचे २२४ डॉलर हा दर आहे. त्यापुढे ओव्हरटाइम, धुरात किंवा पाण्यात भिजून काम केलं तर वर थोडे, जेवणाची सुट्टी द्यायला उशीर झाला तर दंड निर्मात्याला. सोळा तासांच्या पुढे गेलं तर दर तासाला पूर्ण दिवसाचा पगार, त्या वेळेकडे लोक फार आशेने बघत असतात. पण एका शूटिंगवर ठरावीक संख्येपर्यंतचीच माणसं युनियन दराने घेण्याचं बंधन असतं. त्यावरची गर्दी नॉन-युनियन, म्हणजे जवळपास किमान वेतनावर. नवीन माणूस या दुसऱ्या गटातच असतो. ऑरेंज काउंटीतून बरबँकला यायचं तर पेट्रोल वजा जाता काय उरतं याचा हिशेब आधी घरी मांडा.

इथे दुसऱ्या एका सेवेबद्दल सांगायलाच हवं. 'कॉलिंग सर्व्हिस' नावाचा एक धंदा आहे: महिन्याला पैसे द्या, आम्ही तुमच्या वतीने कामं शोधू, तुमची तारीख परस्पर पक्की करू. कल्पना वाईट नाही, कारण दिवसभर जाहिराती बघत बसायला सगळ्यांना वेळ नसतो आणि नियमित काम करणारे बरेच जण ती घेतात. मी जी घेतली तिचं नाव लिहीत नाही, पण अनुभव असा: मी येऊ शकत नाही म्हणून कळवलेल्या दिवसांची बुकिंगं, विचारणा केली की 'फोटो जुने आहेत, आमच्या फोटोग्राफरकडून नवे काढा' हे पालुपद, आणि बंद करायला गेले तर पुढच्या महिन्याचे पैसे आधीच कापलेले. कलाकारांचं प्रतिनिधित्व करण्यासाठी आगाऊ फी घ्यायला कॅलिफोर्नियात २०१० पासून कायद्याने बंदी आहे, आणि फोटोग्राफर अमुकच हवा असा हट्ट धरला की समोरच्याला तो कायदा आठवून द्यायला हरकत नाही. त्या सेवेला माझ्याकडून शून्य.

मग वर चढायचं कसं? कागदावर रस्ता आहे. युनियनच्या दराची व्हाउचरं तीन दिवसांची जमली की सॅग-आफ्ट्राची सदस्य व्हायला तुम्ही पात्र होता. दुसरी वाट अचानक उघडते. एका कोर्टाच्या दृश्यात माझ्या शेजारी ग्लेंडेलचे एक आर्मेनियन आजोबा बसले होते. चेहरा असा की न्यायाधीशालाच घाम फुटावा. दिग्दर्शकाने येऊन त्यांना सांगितलं, हा आत आला की तुम्ही एवढंच म्हणा, "ही माझी जागा आहे." तेवढ्या एका वाक्यावर त्यांचा कागद बदलला. बोलणाऱ्या नटाचा दिवसाचा दर हजार डॉलरच्या वर आहे, आणि निर्मात्याला १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्याखाली युनियनकडे अहवाल पाठवावा लागतो, झालात पात्र. आजोबा जेवणाच्या रांगेत ते वाक्य चार वेगवेगळ्या सुरांत म्हणत होते आणि आम्ही सगळे टाळ्या देत होतो.

पण पात्र झालात म्हणून धावत जाऊन सदस्य होऊ नका. प्रवेश फी ३,००० डॉलर आहे, आणि सदस्य झाल्यावर नॉन-युनियन काम करता येत नाही. ज्या छोट्या, पैसे नसलेल्या फिल्ममध्ये तुम्हाला खरा संवाद मिळाला असता, तिची वाट त्या दिवशी बंद होते.

आणि हे नीट ऐका: बॅकग्राउंडचं काम बायोडाटात लिहू नका असंच इथले बहुतेक जाणकार सांगतात. एजंट ते मोजत नाहीत. गर्दीतून मुख्य भूमिकेपर्यंत गेलेल्यांची नावं घेऊन लोक एकमेकांना धीर देतात, पण त्यांचे रस्ते जरा तपासून बघा. हार्बिनमध्ये जन्मलेला आणि कॅनडात वाढलेला सिमू लियू २०१२ साली टोरंटोत हिशेबनिसाची नोकरी गेल्यावर जाहिरात बघून एका फिल्ममध्ये एक्स्ट्रा झाला, आणि २०२१ साली मार्व्हलच्या सिनेमाचा नायक. मधल्या वर्षांत ऑडिशनं, छोटी कामं आणि एका टीव्ही मालिकेतली वर्षानुवर्षांची मोठी भूमिका आहे. एक्स्ट्रा होण्याने त्याला सेटची गोडी लागली असेल. नायक त्याला ऑडिशनच्या खोलीने केलं.

त्याहून जवळची गोष्ट मर्ल ओबेरॉनची. आपल्या मुंबईत १९११ साली जन्मलेली, कलकत्त्यात वाढलेली अँग्लो-इंडियन मुलगी. १९२८ च्या सुमारास युरोपात गेली, ब्रिटिश सिनेमांत गर्दीत उभी राहिली, मग निर्माता अलेक्झांडर कोर्डाची नजर तिच्यावर पडली. १९३३ मध्ये राणीची भूमिका, १९३५ च्या कामासाठी हॉलिवूडमध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकन. पण त्याची किंमत अशी की आपण टास्मानियात जन्मलो असं ती सांगत राहिली, आणि १९७९ मध्ये वारली तोवर खरं जाहीर झालेलं नव्हतं. मुंबई लपवल्याशिवाय नायिका होता येत नव्हतं.

आज कोणी लपवायला सांगत नाही, उलट कास्टिंगच्या जाहिरातीत 'साउथ एशियन' असं स्पष्ट लिहिलेलं असतं आणि माझ्यासारखीला काम मिळतं ते त्यामुळेच. सुधारणा आहे, मी नाकारत नाही. फक्त त्या जाहिरातीत पुढे बहुधा 'डॉक्टर' असतं, किंवा 'विमानतळावरचं कुटुंब', किंवा 'लग्नातले पाहुणे'. पार्कात कुत्रा फिरवणारी बाई म्हणून मला एकदाच बोलावलं, तो दिवस मी घरी सगळ्यांना जेवायला बाहेर नेऊन साजरा केला. हा रकान्यांचा खेळ साऱ्या धंद्याचा आहे, एका ऑफिसाचा नाही. निव्हनलाही नंबर होताच की.

तर कोणी जावं? ज्याला सेट कसा चालतो ते बघायचंय, दिवसभर बसून राहायचा कंटाळा नाही आणि घर या पैशांवर चालत नाही, त्याने जरूर जावं. नाटकातल्या तरुण मुलांनी वर्षभर करावं, कॅमेरा कुठे आहे हे न बघता कळायला लागेपर्यंत, आणि मग ते पैसे एखाद्या चांगल्या अभिनय वर्गाला आणि ऑडिशनच्या फोटोंना लावावेत. पाचपैकी साडेचार गुण देते. अर्धा कापला तो बरबँकच्या पार्किंगसाठी, त्यात त्यांचा दोष नाही.

एच-४ वाल्यांसाठी एक शेवटचं. ईएडीची तारीख संपली की नवं कार्ड दाखवेपर्यंत बुकिंग थांबतं. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या १८० दिवस आधीपासून भरता येतो. तो पहिल्याच दिवशी भरा, कारण कार्ड यायला किती महिने लागतील हे कोणी सांगू शकत नाही.