कंपवाताची घरगुती नोंद: प्रश्नावली, डायरी की घड्याळ?

कंपवाताच्या (पार्किन्सनच्या) रुग्णाला न्यूरॉलॉजिस्टसमोर काही महिन्यांतून एकदा दहा-पंधरा मिनिटं मिळतात, आणि नेमकी तेव्हाच गोळी छान लागू पडलेली असते. बाबा ताठ चालत आत जातात आणि ‘बरं आहे’ म्हणतात. दुपारी चार वाजता खुर्चीतून उठता येत नाही, हे सांगायचं राहूनच जातं. घरी नोंद ठेवायला हवी हे कुणालाही पटतं, पण कशी ठेवायची इथे घोडं अडतं.

प्रश्नावली सर्वांत सोपी. ‘पीडीक्यू-३९’ ही कंपवाताच्या रुग्णांसाठीची ३९ प्रश्नांची प्रश्नावली गेल्या महिन्याबद्दल विचारते. ‘एमडीएस-यूपीडीआरएस’ या कंपवात मोजायच्या मापनपद्धतीचा दुसरा भाग गेल्या आठवड्याबद्दल १३ प्रश्न विचारतो: लाळ, गिळणं, बटणं लावणं, अक्षर, अंथरुणात कूस बदलणं. प्रत्येकाला ० ते ४ गुण, जास्त गुण म्हणजे जास्त त्रास. सहा महिन्यांनी तोच कागद पुन्हा भरला की हळूहळू होणारी घसरण दिसते. मात्र आठवड्याची सरासरी काढताना सकाळ-दुपारचा फरक पुसला जातो, आणि मन उदास असेल तर सगळेच गुण वाढतात. शिवाय रुग्णाचं आणि घरच्यांचं उत्तर नेहमी जुळतंच असं नाही. घरच्यांना त्रास बहुधा जास्त दिसतो. त्यामुळे दर वेळी एकाच माणसाने भरावी.

गोळीचा परिणाम पुढच्या गोळीआधीच ओसरू लागला, की प्रश्नावली अपुरी पडते. तिथे माझं मत डायरीला. २००० साली आलेल्या हाऊजर डायरीत दिवसाचे ४८ अर्धे तास असतात. प्रत्येकासमोर झोप, ‘ऑफ’ (गोळीचा परिणाम ओसरलेला) किंवा ‘ऑन’ (गोळी लागू असलेली) अशी खूण करायची. ‘ऑन’मध्येही अंगाची अनावर वळवळ नाही, आहे पण त्रास नाही, आहे आणि त्रास होतो, असे तीन रकाने. समजा ८ ला गोळी, ११ पासून ‘ऑफ’, १२ ला गोळी आणि जेवण, तरी २ वाजेपर्यंत ‘ऑफ’च. एवढ्यावरून डॉक्टरांना दोन शंका येतील: दोन गोळ्यांत अंतर जास्त आहे, आणि उसळ-वरणातली प्रथिनं औषधाच्या शोषणाच्या आड येत आहेत. दुसरी कुठलीही पद्धत हे इतक्या स्वस्तात सांगत नाही.

पण डायरी वर्षभर लिहायला लावू नका. माणूस कंटाळतो आणि रात्री बसून आठवेल तसे रकाने भरतो. मग ती नोंद उरत नाही. भेटीआधीचे दोन-तीन दिवस पुरतात. अक्षर बारीक होत गेलं असेल तर खूण घरच्यांनी करावी, पण विचारून. कंप आणि औषधाने होणारी वळवळ यांत बरेच जण गोंधळतात. हा फरक पहिल्यांदा डॉक्टरांकडूनच समजून घ्यावा.

घड्याळासारखी मनगटी उपकरणं कंप, मंदपणा, वळवळ न विसरता मोजतात. स्वतःची वळवळ अनेक रुग्णांना जाणवतच नाही, किंवा विसराळूपणा वाढलेला असतो. तिथे त्यांचा खरा उपयोग. पण मनगटाला बद्धकोष्ठता कळत नाही, भास कळत नाहीत, आणि दारात पाय जमिनीला चिकटल्यासारखे अडतात तेही नीट कळत नाही. खर्च आहेच. निदान नुकतंच झालं असेल तर घड्याळासाठी मी पैसे घालणार नाही. सहामाही प्रश्नावली पुरे.

नोंद बघून घरच्या घरी डोस बदलू नका. लेव्होडोपा, म्हणजे कंपवाताचं मुख्य औषध, अचानक थांबवणं धोक्याचं आहे. आणि पडणं, भास, गिळताना ठसका यांतलं काही नव्याने सुरू झालं, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखान्यात फोन करा.