१६एक्स झूमच्या नावाखाली फसवणूक, कॅमेरा घेणाऱ्यांनी वाचा

मंडळी, ऑनलाइन कॅमेरा बघत असाल तर सावध रहा. जाहिरातीत ठळक "४८ मेगापिक्सेल, १६एक्स झूम" आणि सोबत फांदीवरच्या पक्ष्याचा असा फोटो की एकेक पीस मोजून घ्यावं, मला पक्षीच टिपायचे होते म्हणून मागवला. आल्यावर झूम दाबला तर लेन्स जागची हलेना, मोटरचा आवाज नाही काही नाही, स्क्रीनवरचं चित्र तेवढं फुगत गेलं आणि पक्ष्याच्या जागी नुसते करडे चौकोन. मग खोक्यावर बारीक अक्षरात सापडलं, "डिजिटल झूम".

ऑप्टिकल झूममध्ये लेन्सच्या काचा खरोखर सरकतात, फोकल लेंथ (लेन्स लांबचं किती मोठं दाखवते ते सांगणारा मिमीतला आकडा) बदलते, लांबची वस्तू अख्ख्या सेन्सरवर (आतली प्रकाश टिपणारी चिप) मोठी होऊन पडते म्हणून बारकावे मिळतात. डिजिटलमध्ये फोटोचा मधला तुकडा कापून ताणतात, बस. हे घरी क्रॉप करून फुकटात होतं की! आणि हिशोब बघा, ४एक्स केलं की रुंदी पाव, उंचीही पाव, म्हणजे १६ मेगापिक्सेलमधला १ उरला. १६एक्सला तर २५६ वा भाग, बाकीचं सॉफ्टवेअर शेजारच्या पिक्सेलवरून अंदाजे भरतं. ते ४८ मेगापिक्सेलपण असेच फुगवलेले निघाले, सेन्सरचे खरे मेगापिक्सेल त्यापेक्षा कितीतरी कमी.

विक्रेत्याला विचारलं तर म्हणे "झूम चालतोय ना, मग डिफेक्ट कुठला, रिटर्न होणार नाही". मी झूम न करता एक आणि फुल झूमवर एक असे दोन फोटो काढले, दोन्हीच्या डिटेल्समध्ये फोकल लेंथ सेम, ते स्क्रीनशॉट थेट वेबसाइटकडे तक्रारीत टाकले.

लेन्सच्या कडेवर फोकल लेंथचे आकडे असतात ते बघत जा. ४.३-२१.५ मिमी असं असेल तर मोठ्याला लहानानं भागा, ५ आले म्हणजे ५एक्स ऑप्टिकल. एकच आकडा असेल तर ऑप्टिकल झूम नाहीच. "टोटल झूम ५०एक्स" हा अजून एक चावटपणा, ५ ऑप्टिकल गुणिले १० डिजिटल असा गुणाकार करून छापतात. तसा डिजिटल झूम चांगल्या कॅमेऱ्यातही असतो, त्यात गैर काही नाही, बऱ्याच कॅमेऱ्यांत मेनूतून बंदही करता येतो, पण तिथे दोन्ही आकडे वेगवेगळे लिहिलेले असतात. नुसतं "झूम" लिहिलं असेल तर ऑप्टिकल किती ते विक्रेत्याकडून लेखी घ्या.

आणि लिस्टिंगचा स्क्रीनशॉट ऑर्डर करतानाच काढा. माझी तक्रार गेल्यावर या विक्रेत्यांनी वर्णनात "डिजिटल" शब्द गुपचूप घुसवला आणि वर मलाच म्हणाले आधीपासून लिहिलंय, जुना स्क्रीनशॉट होता म्हणून पैसे सुटले.