चुंबक चिकटला नाही, तिथेच फसलो

बाहेरच्या जिन्याला स्टेनलेस स्टीलचा कठडा बसवला आणि पहिला पावसाळा ओसरायच्या आत त्यावर तपकिरी ठिपके उमटले. आधी वाटलं धूळ असेल. पुसली, गेली. आठवड्याभरात ठिपके पुन्हा हजर, ते सुद्धा सांध्यांजवळ जास्त.

मला फसवायला जे हत्यार वापरलं गेलं, ते मीच खिशात घालून गेलो होतो. एक चुंबक. खऱ्या स्टेनलेसला चुंबक चिकटत नाही, चिकटला तर माल खोटा, एवढं माझं ऐकीव ज्ञान.

पहिल्या विक्रेत्याने ३०४ ग्रेड, म्हणजे निकेल असलेला स्टेनलेसचा एक प्रकार, सांगितला. त्याच्या नमुन्याच्या सरळ भागावर चुंबक ढिम्म, पण वाकवलेल्या कोपऱ्यावर आणि वेल्डिंगवर हलकीशी ओढ जाणवली. तो म्हणाला, “साहेब, वाकवल्यावर एवढं येतंच.” मी मनातल्या मनात हसलो आणि उठलो. दुसऱ्याने मी काही विचारायच्या आतच स्वतःचा चुंबक काढला, एका सपाट पट्टीवर ठेवला आणि पट्टी उभी धरली. चुंबक टपकन खाली. “बघा, पूर्ण नॉन-मॅग्नेट. ३०४.” दरही कमी. मी लगेच आगाऊ रक्कम दिली.

ठिपके वाढल्यावर कठड्याची तपासणी करून घेतली. भंगाराचा मोठा व्यवहार करणारे क्ष-किरणांवर चालणारं एक हातातलं यंत्र वापरतात. धातूवर टेकवलं की कुठलं मूलद्रव्य किती टक्के, ते काही सेकंदांत दिसतं. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. माझ्या कठड्यात निकेल त्याच्या पावपटही नव्हतं, क्रोमियमही कमी आणि मँगनीज मात्र भरपूर. म्हणजे २०० मालिकेतला, त्यातलाही स्वस्तातला माल.

मग चुंबक का चिकटला नाही? दोन्ही स्टीलमध्ये निम्म्याहून कितीतरी जास्त लोखंडच असतं. हे कोडं सोडवताना कळलं की मी चुंबकाला भलताच प्रश्न विचारत होतो.

प्रत्येक इलेक्ट्रॉन हा एक इवलासा चुंबकच. पण अणूत बहुतेक इलेक्ट्रॉन उलटसुलट जोड्यांनी बसतात आणि एकमेकांचा प्रभाव पुसून टाकतात. जस्ताचं असंच आहे. लोखंडाच्या सुट्या अणूत ४ इलेक्ट्रॉन बिनजोडीचे असतात. मात्र बिनजोडीचे इलेक्ट्रॉन असून भागत नाही. मँगनीजकडे ५ आहेत, तरी शुद्ध मँगनीजला चुंबक चिकटत नाही. शेजारशेजारच्या अणूंनी एकाच दिशेला तोंड करायला हवं, आणि ते अणूंची मांडणी व त्यांच्यातलं अंतर यावर ठरतं. नेहमीच्या तापमानाला हे जमणारे धातू मोजकेच: लोखंड, कोबाल्ट, निकेल. लोखंडसुद्धा ७७० अंश सेल्सिअसच्या वर तापवलं की ही शिस्त मोडते.

स्टीलमध्ये पुरेसं निकेल घातलं की लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलते. या नव्या मांडणीला ऑस्टेनाइट म्हणतात आणि तिला चुंबक चिकटत नाही. हीच मांडणी मँगनीज आणि थोडा नायट्रोजन घालूनही टिकवता येते, तीही खूप स्वस्तात. माझा दुसरा विक्रेता नेमकं हेच विकत होता. आणि थंड अवस्थेत वाकवलं, ठोकलं की ३०४ मधलं थोडं ऑस्टेनाइट मोडून चुंबकाला दाद देणारी मांडणी तयार होते. वेल्डिंगच्या धातूत तर तडे जाऊ नयेत म्हणून असा थोडा अंश मुद्दाम ठेवतात. पहिला माणूस शब्दशः खरं बोलत होता. मी त्यालाच लबाड ठरवून आलो, याचं आजही वाईट वाटतं.

गंज अडतो तो क्रोमियममुळे. पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा अतिपातळ थर धरतो आणि ओरखडा पडला तरी आपोआप भरून येतो. चुंबकाला या थराची गंधवार्ताही नसते. ४३० ग्रेडला चुंबक कडकडून चिकटतो, त्यात निकेल जवळजवळ नसतंच, तरी १६ ते १८ टक्के क्रोमियममुळे तो खरंखुरं स्टेनलेस आहे. बाहेरच्या कठड्याला तो मी घेणार नाही, पण त्याला खोटा म्हणणं चूक.

म्हणून चुंबक न्या हवं तर, पण त्याच्या भरवशावर पैसे देऊ नका. कारखान्याचं रासायनिक तपासणीचं प्रमाणपत्र मागा आणि त्यावरचा हीट नंबर, म्हणजे धातू वितळवलेल्या घाण्याचा क्रमांक, मालावरच्या नंबराशी ताडून बघा. नमुन्याच्या पट्टीची नव्हे, तुमच्या जिन्याला लागणार त्याच पाइपांची यंत्रावर तपासणी करून घ्या, तीही कापायच्या आधी. आणि बिलावर ग्रेड लिहून घ्या. माझ्या बिलावर फक्त ‘स्टेनलेस स्टील’ एवढंच होतं. तक्रार घेऊन गेलो तेव्हा त्या विक्रेत्याने बिलावरच्या त्याच दोन शब्दांवर बोट ठेवलं, खिशातून पुन्हा तो चुंबक काढला आणि विचारलं, “लावून दाखवू का?”