छपरावर चढावं, शिडीवरून बघावं, की ड्रोन उडवावा?

स्लॅब असेल तर चढा, सिमेंटचा पत्रा असेल तर पाय ठेवू नका. घर तपासणाऱ्याला एवढं ठरवायला वेळ लागत नाही. घोळ होतो तो माळवदावर, म्हणजे लाकडी तुळयांवरच्या मातीच्या छतावर, आणि लोखंडी पत्र्यावर.

स्लॅबवर ड्रोनचा फारसा उपयोग नाही. पोपडा सुटलाय का, हे हातोडीच्या पोकळ आवाजावरूनच कळतं. पण पुढे मजला चढवायचा म्हणून कठडा बांधलेला नसतो, कॉलमच्या सळ्या तेवढ्या उभ्या असतात. कडेपासून 2 मीटर आत राहा आणि फोटो काढताना मागे सरकू नका.

सिमेंटचा पत्रा रंग दिल्यावर नवा दिसतो, पण तो ठिसूळच. वजन पडलं की इशारा न देता फुटतो. ‘बोल्टच्या ओळीवरून चाला’ असं मिस्त्री सांगतात. पण बोल्ट ज्यात बसतात तो खालचा लोखंडी अँगल जेमतेम दोन इंच रुंद, पाय चुकला की माणूस थेट खाली. इथं शिडी किंवा ड्रोनच.

लोखंडी पत्रा गंजतो तो हुकाच्या भोकांभोवती. शिवाय वाऱ्यानं उडू नये म्हणून वर दगड ठेवलेले असतात. शिडी टेकवली की एखादा घरंगळतो. हेल्मेट जमिनीवरच घाला. मे महिन्यात काम सकाळी 9च्या आत उरका.

माळवद वरून दणकट दिसतं, वाळवी लागते ती तुळईला. आधी घरात जा, तुळई भिंतीत शिरते तिथं स्क्रूड्रायव्हर टोचा. सहज आत गेला तर चढणं रद्द. मातीच्या थराची जाडी शिडीवरून कडेला मोजता येते आणि ती मोजाच: गळती थांबवायला थरावर थर टाकले जातात, वजन वाढतं. 30 सप्टेंबर 1993च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या भिंतींवरची अशी जड छतंच लोकांवर कोसळली.

शिडी दर 4 फूट उंचीला 1 फूट बाहेर ठेवा, टोक कडेच्या 3 फूट वर जाऊ द्या आणि बांधा. काळ्या मातीत पाय रुततात. खाली फळी घाला. खांबावरून घरात येणारी विजेची सर्व्हिस वायर जवळ असेल तर ॲल्युमिनियमची शिडी गाडीतच राहू द्या.

ड्रोन 250 ग्रॅमपर्यंतचा असेल तर पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, पण चिकलठाणा, नांदेड, लातूर विमानतळांच्या आसपास ड्रोन कुठं उडवता येतो हे दाखवणारा सरकारी ‘डिजिटल स्काय’ संकेतस्थळावरचा नकाशा आधी बघा. कॅमेऱ्याला बारीक भोकं मात्र निसटतात. त्यासाठी भर दुपारी दारं-खिडक्या लावून पत्र्याखाली उभं राहा. उजेडाचा ठिपका दिसेल तिथं खडूनं खूण करा.