बोटीने अमेरिका की बोटीवर सुट्टी? ‘क्वीन मेरी २’ आणि ‘आयकॉन ऑफ द सीज’ समोरासमोर

मुलगी न्यू जर्सीत, आईबाबा निवृत्त, अमेरिकेची वारी ठरलेली आणि त्यात ‘एकदा तरी बोटीने’ ही जुनी हौस. अशा घरात हल्ली दोन नावं हमखास निघतात. ‘क्वीन मेरी २’ बाबांनी कुठेतरी वाचलेली असते आणि ‘आयकॉन ऑफ द सीज’ नातवाने मोबाइलवर पाहिलेली असते. दोन्हींचा प्रवास सात रात्रींचा असतो, म्हणून मंडळी भाड्याचे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून कुठली स्वस्त ते बघायला लागतात. पण एक आहे एसटी आणि दुसरी सहलीची बस. क्वीन मेरी इंग्लंडच्या साउदॅम्प्टनला बसवते आणि न्यू यॉर्कला उतरवते. आयकॉन मायामीला बसवते, कॅरिबियनमधली बेटं दाखवते आणि परत मायामीलाच सोडते. भाडं नंतर बघू. आधी दोघींची अंगकाठी बघू, कारण बोटीवर जे अनुभवाला येतं ते बरंचसं तिथूनच येतं.

समुद्राला तोंड द्यायला बांधलेली

क्वीन मेरी २ फ्रान्समधल्या सँ-नाझेरच्या गोदीत बांधली गेली. ८ जानेवारी २००४ रोजी राणी एलिझाबेथ यांनी तिचं नामकरण केलं आणि चारच दिवसांनी ती पहिल्या सफरीला निघाली. त्याआधीची अशी लायनर, म्हणजे महासागर ओलांडून प्रवासी नेणारी बोट, होती १९६९ ची क्वीन एलिझाबेथ २. मधल्या काळात विमानांनी अटलांटिकच्या बोटींचा धंदा बुडवला होता, त्यामुळे स्टीफन पेन या आराखडाकाराला जवळजवळ विस्मरणात गेलेली विद्या पुन्हा उभी करावी लागली. आज नियमित अटलांटिक ओलांडणारी लायनर म्हणावी अशी ही एकच बोट उरली आहे.

उत्तर अटलांटिक कॅरिबियनसारखा शहाणा नाही. म्हणून हिच्या अंगात त्याच मापाच्या नेहमीच्या क्रूझ बोटीपेक्षा सुमारे ४० टक्के जास्त पोलाद आहे, आणि एका प्रवाशामागे बांधणीचा खर्च त्या काळच्या क्रूझ बोटीच्या दुपटीच्या घरात गेला. नाळ (बोटीचं पुढचं टोक) लांब आणि निमुळती, पुढच्या डेकवर लाटा फोडणारी उंच पोलादी भिंत. जीवरक्षक होड्या नियमानं पाण्यापासून साधारण १५ मीटरवर टांगायच्या असतात. पेन यांनी खास सवलत मिळवून त्या २५ मीटरवर नेल्या, कारण वादळातली लाट खालच्या होड्यांपर्यंत पोचली असती.

पुढच्या डेकवर मोठी चकचकीत पाती मांडून ठेवलेली दिसतात. आधुनिक शिल्प समजून लोक त्यांचे फोटो काढतात, आणि बोटीवर त्यांना थट्टेनं ‘कमोडोरची कफलिंक्स’ म्हणतात. ती आहेत बोटीला पुढे ढकलणाऱ्या पंख्यांची आठ सुटी पाती. एखादं पातं निकामी झालं तर तेवढंच काढून दुसरं बसवता यावं म्हणून बरोबर बाळगलेली. आपण गाडीत स्टेपनी ठेवतो तशी. हिला सुकाणूही नाही. बोटीखाली पंखे लावलेले चार पॉड आहेत, त्यांपैकी दोन स्थिर आणि दोन सगळीकडे फिरणारे. वळण्याचं काम त्या दोघांकडे. वीज चार डिझेल इंजिनांतून येते आणि जास्त वेग लागला तर दोन गॅस टर्बाइन मदतीला येतात. टर्बाइनला हवा प्रचंड लागते, म्हणून ती खाली इंजिनघरात न ठेवता वर धुराड्याच्या पायथ्याशी बसवली आहेत.

धुराडं बोटीच्या मानानं बुटकं वाटतं, त्याचं कारण न्यू यॉर्कच्या तोंडावरचा व्हेराझानो पूल. भरतीच्या वेळी पूल आणि धुराड्याचं टोक यांच्यात जेमतेम चार मीटर राहतात. त्याच धुराड्यावर दोन भोंगे आहेत, त्यांतला एक १९३६ साली धावू लागलेल्या मूळ क्वीन मेरीचा. ती थोरली क्वीन मेरी आता कॅलिफोर्नियात लाँग बीचला हॉटेल होऊन उभी आहे, आणि भोंगा त्या शहरानं उसना दिला आहे. तो १६ किलोमीटरवर ऐकू जातो असं म्हणतात.

बेटावर बेट

आयकॉन फिनलंडमधल्या तुर्कूच्या गोदीतली. जानेवारी २०२४ मध्ये मायामीला लिओनेल मेस्सीच्या हस्ते नामकरण झालं आणि २७ तारखेला ती निघाली. सहा वॉटर स्लाइड, सात पोहण्याचे तलाव, वीस मजले, काचेच्या घुमटाखाली पाण्याचे खेळ, लहान मुलांच्या कुटुंबांसाठी वेगळी वस्तीच. इंधन मुख्यतः द्रवरूप नैसर्गिक वायू, ही जमेची बाजू. ही यादी मी इथेच थांबवतो. तलाव आणि घसरगुंड्या जाहिरातीत जशा दिसतात तशाच आहेत, त्यात दडलेलं फारसं काही नाही.

एक आकडा मात्र नीट समजून घ्या. आयकॉन २,४८,६६३ टनांची आणि क्वीन मेरी १,४९,२१५ टनांची असं वाचलं की पहिली कितीतरी ‘जड’ वाटते. हे टन वजनाचे नाहीतच. बोटीच्या आत बंदिस्त जागा किती, त्याचं ते माप आहे. लांबीत आयकॉन फक्त वीसेक मीटर जास्त आहे (३६५ विरुद्ध ३४५). बाकीची वाढ उंची-रुंदीत आहे, डब्यावर डबा ठेवावा तशी. आता हीच जागा माणसांत वाटून बघा. एका केबिनमध्ये दोघं धरली तर आयकॉनवर ५,६१० प्रवासी, म्हणजे माणशी ४४ टन. क्वीन मेरीवर २,६९१ च्या आसपास, म्हणजे माणशी ५५. शाळांना सुट्ट्या लागल्या आणि केबिनमध्ये तिसरा-चौथा पलंग उघडला की आयकॉन ७,६०० पर्यंत जाते आणि माणशी ३३ टनांवर येते. नाश्त्याच्या रांगेत हा हिशेब स्वतःच भेटतो.

वेगाची गंमत वेगळीच. क्वीन मेरी ३० नॉटच्या जवळ, म्हणजे ताशी ५५ किलोमीटर पळू शकते. आयकॉनचा नेहमीचा वेग २२ नॉट. तरी क्वीन मेरी अटलांटिक ओलांडायला सात रात्री घेते, म्हणजे सरासरी २० नॉटच्या आसपासच. सुरुवातीला सहा रात्री लागत. इंधन वाचवायला एक वाढवली. १९५२ साली ‘युनायटेड स्टेट्स’ या बोटीनं हाच महासागर साडेतीन दिवसांत पार केला होता, आणि आज हळू जाणं हीच चैन झाली आहे. शिल्लक वेग वाया जात नाही. वादळाला वळसा घालूनही ठरल्या सकाळी न्यू यॉर्क गाठायचं तर तो हाताशी लागतो. आयकॉननेही अटलांटिक ओलांडला आहे, पण एकदाच, फिनलंडहून कामावर रुजू व्हायला येताना, प्रवासी न घेता.

बोट लागते का?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, सहसा आवाज खाली करून. कॅरिबियनमध्ये आयकॉनवर बहुतेकांना काही होत नाही. जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा मोसम, तेव्हा बेटं बदलली जाऊ शकतात एवढंच. क्वीन मेरी डोल कमी करायला चार पंख बाहेर काढते आणि तिचं शरीरही त्यासाठीच घडवलेलं आहे, पण अटलांटिक अटलांटिक आहे. मे ते सप्टेंबरमध्ये जा. केबिन बोटीच्या मध्यावर आणि शक्य तितकी खाली घ्या, कारण टोकांना आणि वरच्या मजल्यांवर हेलकावे जास्त जाणवतात.

लाखो रुपये घालण्याआधी पोट तपासायचं असेल तर मुंबई-गोवा करून बघा. २०२१ पासून मुंबईहून धावणारी कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीची ‘एम्प्रेस’ १९९० साली ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावानं पाण्यात आली, तीही सँ-नाझेरच्या त्याच गोदीत, आणि रॉयल कॅरिबियनसाठी, म्हणजे आयकॉनच्या कंपनीसाठी. आपल्या दारातली बोट एका बाजूने क्वीन मेरीची माहेरची आणि दुसऱ्या बाजूने आयकॉनची सासरची निघावी, याची मला फार मौज वाटते. अरबी समुद्राचा शांत मोसम अटलांटिकची परीक्षा घेत नाही हे खरं, पण गोव्यालाच ज्यांना बोट लागली त्यांना उत्तर मिळून जातं.

मोठ्यांच्या तब्येतीचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेऊ नका. दोन्ही बोटींवर डॉक्टर आहेत. कॅरिबियनमध्ये दवाखाना असलेलं बंदर फार लांब नसतं. अटलांटिकच्या मध्यावर हेलिकॉप्टरही पोचत नाही. हृदयविकाराचं नुकतंच काही झालं असेल तर यंदा क्वीन मेरी नको, हे मी स्पष्ट सांगेन.

दिवस जातो कसा

सात दिवस जमीन दिसत नाही, मग करायचं काय? क्वीन मेरीवर सुमारे आठ हजार पुस्तकांचं ग्रंथालय आहे, समुद्रावरचं पहिलं तारांगण आहे, व्याख्यानं, नाटकं, संध्याकाळी बॉलरूममध्ये जोडीनृत्य. पण खरं सुख घड्याळात दडलेलं आहे. इंग्लंडहून अमेरिकेकडे जाताना पाच रात्री घड्याळ एकेक तास मागे घेतात. रोज पंचवीस तासांचा दिवस, एक तास जास्तीची झोप आणि उतरताना जेट लॅग शून्य. उलट दिशेने आलात तर पाच दिवस दुपारी एकेक तास कापला जातो आणि जेवण जिरायच्या आत चहाची वेळ होते. म्हणून बोट जाताना घ्या आणि येताना न्यू यॉर्कहून थेट विमान धरा.

संध्याकाळी सहानंतर मात्र नीटनेटकं राहावं लागतं आणि सफरीत दोनेक समारंभी रात्री असतात. सूट-टायची धास्ती घेऊ नका, राष्ट्रीय पोशाख मान्य आहे. पैठणी आणि बंदगळा घालून गेलात तर त्या दिवाणखान्यात तुम्हीच उठून दिसाल. ज्यांना रोज रात्री कपडे बदलायचा कंटाळा त्यांनी आयकॉन घ्यावी, तिथे बर्म्युडा घालून दिवस निघतो.

क्वीन मेरीवर जुनी वर्गवारी अजून आहे. केबिन कुठली घेतली त्यावर जेवायला कुठल्या दालनात बसायचं ते ठरतं, आणि ‘ग्रिल’ या सगळ्यात महागड्या वर्गाच्या जागांवर इतरांना प्रवेश नसतो. आयकॉनवरही महागड्या स्वीटवाल्यांची वेगळी सोय आहे, फक्त तिथे ती इतकी उघड मिरवत नाहीत. शाकाहारी दोन्हीकडे उपाशी राहत नाहीत; कांदा-लसूण नको असेल तर आरक्षण करतानाच लिहून द्या, बोटीवर गेल्यावर सांगून भागत नाही.

कुत्र्या-मांजरांसाठीचं वसतिगृह फक्त क्वीन मेरीवर. २०१६ च्या दुरुस्तीत तिथल्या जागा बारावरून चोवीस केल्या, आणि ब्रिटिश कुत्र्यांसाठी दिव्याचा खांब व अमेरिकन कुत्र्यांसाठी आगीच्या बंबाचा नळ उभा केला. लंडनहून अमेरिकेला बिऱ्हाड हलवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं, मात्र जागा कित्येक महिने आधी संपतात. आयकॉनवरही २०२४ मध्ये रोव्हर नावाचा गोल्डन रिट्रीव्हर होता, पण तो कंपनीचा. तुमचा चालत नाही.

कागदपत्रं आणि केबिन

भारतीय पासपोर्टवर क्वीन मेरीसाठी ब्रिटन आणि अमेरिका असे दोन व्हिसा लागतात. आयकॉनला अमेरिकेचा, तोही पुन्हा प्रवेश देणारा, कारण बेटांवरून परत मायामीलाच यायचं असतं. मार्गातल्या प्रत्येक देशाचा नियम वेगळा तपासा. हिशेब मांडताना हेही धरा, की क्वीन मेरीचं भाडं लंडन-न्यू यॉर्क विमान, सात रात्रींचं हॉटेल आणि जेवण एवढ्या सगळ्याच्या जागी येतं, तर आयकॉनचं भाडं अमेरिकेच्या तिकिटावर आणि मायामीच्या फेरीवर चढतं. सेवाशुल्क दोन्हीकडे रोजच्या रोज वेगळं लागतं.

क्वीन मेरीवर बाल्कनी घ्याल तर एक विचारून घ्या. खालच्या काही मजल्यांवरच्या बाल्कन्या बोटीच्या पोलादी अंगात खिडकीसारख्या कापलेल्या आहेत. वारा लागत नाही, पण खुर्चीत बसलं की समोर समुद्राऐवजी पोलाद दिसतं. काही केबिनसमोर होड्या टांगलेल्या आहेत. एकट्यानं जाणाऱ्यांसाठी १५ एकेरी केबिन आहेत, पण त्या लगेच भरतात.

तेव्हा नातवंडं बरोबर असतील तर आयकॉन, यावर मी वाद घालणार नाही; क्वीन मेरीवर दहा वर्षांचं पोर चौथ्या दिवशी तुम्हाला पुस्तक वाचू देणार नाही. दोघंच असाल, पाय धड असतील आणि मुलीकडे तसंही जायचंच असेल, तर साउदॅम्प्टनहून क्वीन मेरी.

शेवटच्या रात्री चारचा गजर लावून उबदार कपड्यांनिशी वर उघड्या डेकवर जा. धुराडं आता पुलाला घासणारच असं वाटत असताना बोट व्हेराझानोखालून अलगद निघते. मग डावीकडचा कठडा धरून उभे राहा. ब्रुकलिनचा धक्का उजवीकडे येतो आणि तिथे सगळे सामानाच्या काळजीत गर्दी करतात. स्वातंत्र्यदेवता डाव्या हाताला असते.