उद्योजकता सगळ्या शाखांना शिकवायची तर: ओपन इलेक्टिव्ह, मायनर, फील्ड प्रोजेक्ट की इन्क्युबेशन केंद्र?

कला, वाणिज्य आणि विज्ञान अशा तिन्ही शाखा असलेल्या महाविद्यालयात "उद्योजकता सगळ्या मुलांपर्यंत न्यायची" असं ठरलं की पहिली मागणी येते ती इन्क्युबेशन केंद्रासाठी (नव्या उपक्रमांना जागा, यंत्रं आणि मदत देणारं केंद्र) खोलीची. खोली मिळते, दारावर पाटी लागते, थ्रीडी प्रिंटर येतो, फीत कापली जाते. पुढे किल्ली एका शिपायाकडे राहते आणि तो साडेपाचला घरी जातो. मुलांची प्रात्यक्षिकंही साडेपाचलाच संपतात.

हा आढावा प्राचार्य, अधिष्ठाता, आयक्यूएसी (अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष) समन्वयक यांच्यासाठी, म्हणजे येत्या वर्षी यातला एक मार्ग निवडायचाच आहे अशांसाठी आहे. आमचं मत आधीच सांगून टाकतो: खोली सगळ्यात शेवटी. आधी वेळापत्रकात जागा, मग शिक्षकांचे तास, मग गुण कशाला द्यायचे ते.

हिशेबाला सोपं जावं म्हणून पहिल्या वर्षाला 600 विद्यार्थी, 60 च्या 10 तुकड्या असं धरू. आकडे आपल्या महाविद्यालयाचे घालून पुन्हा मांडावेत.

| मार्ग | क्रेडिट | कोणापर्यंत पोचतं | मुख्य खर्च | हमखास अडतं कुठे |
|---|---|---|---|---|
| ओपन इलेक्टिव्ह (शाखेबाहेरचा निवडीचा विषय) | 2 किंवा 4 | सगळ्यांपर्यंत पोचू शकतं | शिक्षकांचे तास | शाखेचा नियम, पाठांतराची परीक्षा |
| मायनर (मुख्य विषयाच्या जोडीचा दुय्यम विषय) | साधारण 18 ते 20 | मोजक्या मुलांपर्यंत | सलग तीन वर्षं शिक्षक टिकवणं | दुसऱ्या वर्षी गळती |
| फील्ड प्रोजेक्ट, सामाजिक सहभाग, ओजेटी (प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण) | 2, 2 आणि 4 | आधीच सगळ्यांना आहे | मार्गदर्शकाचा वेळ | आयतं प्रमाणपत्र |
| इन्क्युबेशन केंद्र | नाही | स्वतःहून येणाऱ्यांपर्यंत | व्यवस्थापक, जागा, यंत्रं | तयार मुलंच नसतात |

ओपन इलेक्टिव्ह: रुंदी इथेच मिळते, पण नियम वाचून

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या राज्यातल्या आराखड्यात ओपन इलेक्टिव्ह हे मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरचं घ्यायचं असतं. इथेच पहिला घोळ होतो. उद्योजकतेचा पेपर साहजिकच वाणिज्य विभागाकडे जातो, आणि मग बीकॉमच्या मुलांना तोच घेता येत नाही. म्हणजे ज्या मुलांना हिशेब येतो तीच वर्गाबाहेर. उपाय दोन आहेत. एक, तोच अभ्यासक्रम वाणिज्यच्या मुलांना कौशल्यवर्धन अभ्यासक्रम म्हणून द्यायचा आणि तासिका एकाच वेळी लावायच्या. दोन, विज्ञान किंवा मानव्यविद्या शाखेकडून समांतर पेपर मंजूर करून घ्यायचा. स्वायत्त महाविद्यालयाला हे आपल्या अभ्यास मंडळातून करता येतं. संलग्न महाविद्यालयाला विद्यापीठाच्या यादीत जे आहे त्यातूनच निवडावं लागतं, त्यामुळे ती यादी आधी उघडून बघावी, ठराव नंतर.

आता तास. सिद्धान्ताचं एक क्रेडिट म्हणजे सत्रात 15 तास, प्रात्यक्षिकाचं 30. दोन्ही क्रेडिट सिद्धान्ताची ठेवली तर 10 तुकड्यांना मिळून 300 तास लागतात. एक सिद्धान्त आणि एक प्रात्यक्षिक ठेवलं, 20 मुलांची एक याप्रमाणे प्रत्येक तुकडीच्या तीन बॅचेस केल्या, तर एका तुकडीला 15 अधिक 90 असे 105 तास. दहा तुकड्यांना 1,050. सहायक प्राध्यापकाचा आठवड्याचा कार्यभार 16 तासांचा, म्हणजे 15 आठवड्यांत 240. पहिल्या पर्यायाला सव्वा शिक्षक पुरतो, दुसऱ्याला साडेचारच्या आसपास लागतात.

बहुतेक ठिकाणी हा हिशेब कोणी मोठ्यानं बोलत नाही, पण निर्णय त्यावरूनच होतो. दोन्ही क्रेडिट सिद्धान्ताची ठरतात आणि उद्योजकता "उद्योजकाची व्याख्या सांगून वैशिष्ट्ये स्पष्ट करा" या प्रश्नाशी येऊन थांबते. असला पेपर ठेवण्यापेक्षा न ठेवलेला बरा, कारण मुलांच्या मनात विषय तिथेच मरतो.

मधला रस्ता आहे. निम्म्या तुकड्या पहिल्या सत्रात, निम्म्या दुसऱ्या सत्रात घ्याव्यात. म्हणजे सत्राला 525 तास, दोन-सव्वादोन शिक्षकांचं काम. हे काम एकाच विभागावर न टाकता आठ-दहा जणांत वाटावं. विभागही मुद्दाम वेगवेगळे घ्यावेत. समाजशास्त्राच्या शिक्षकाला मुलाखत कशी घ्यायची ते येतं, वाणिज्यच्या शिक्षकाला खर्चाचा ताळा, रसायनशास्त्राच्या शिक्षकाला फसलेल्या प्रयोगाची नोंद ठेवायची सवय असते. या तिघांत मिळून विषयाचा मोठा भाग आला. "यशस्वी उद्योजकाचं व्याख्यान" सत्रात एकदा पुरे. टाळ्या भरपूर पडतात, हाती फारसं लागत नाही.

स्वयम् या सरकारी पोर्टलवरच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांची क्रेडिट घेण्याची सोय आहे (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमानुसार सत्रातल्या एकूण अभ्यासक्रमांपैकी 40 टक्क्यांपर्यंत), म्हणून काही जण सगळंच तिकडे ढकलतात. त्यातल्या एनपीटीईएलच्या (आयआयटींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचा उपक्रम) पद्धतीत 25 गुण असाइनमेंटचे आणि 75 गुण केंद्रावरच्या परीक्षेचे. सिद्धान्ताच्या भागाला ते चालेल. पण माणसांशी बोलणं, नमुना करणं, तो मोडणं, पुन्हा करणं यातलं काहीच तिथे तपासलं जात नाही.

प्रात्यक्षिकाचे तीस तास नेमके कसे जातात

पाच जणांचा गट, त्यात किमान दोन शाखा. एका तुकडीत 12 गट. पहिले दोन तास प्रश्न निवडायला, पुढचे दहा बाहेर जाऊन बोलायला, दहा नमुना करायला, चार विकायला किंवा वापरून घ्यायला, उरलेले चार आढाव्याला.

समजा, एका गटानं कॉलेजजवळच्या खानावळीत अन्न वाया जातं हा प्रश्न घेतला. कोणाला न विचारता मुलं पहिल्या दिवशीच म्हणतात: ॲप करू. इथे शिक्षकानं ॲपवर बंदी घालून वही हातात द्यावी. काकूंना "असं ॲप आलं तर तुम्ही वापराल का?" हा प्रश्न विचारायचा नाही, कारण त्या "हो, वापरीन की" असंच म्हणणार, पोरांना नाही कशाला म्हणायचं! विचारायचं ते झालेल्या गोष्टींबद्दल: गेल्या आठवड्यात कोणत्या दिवशी किती पोळ्या उरल्या? मग त्यांचं काय केलंत? कोण येणार नाही हे तुम्हाला कधी कळतं? कोण सांगतं? अशा दहा-पंधरा ठिकाणी विचारल्यावर कदाचित दिसेल की उरतं ते शनिवारी रात्री आणि रविवारी, कारण गावाला जाणारी मुलं न सांगता जातात. मग नमुना म्हणजे ॲप नव्हे. शुक्रवारी रात्री व्हॉट्सॲपवर एक पोल आणि दारात एक फळा. खर्च शून्य ते दोनशे रुपये. दोन आठवडे उरलेल्या पोळ्या मोजायच्या, आधीच्या आकड्याशेजारी मांडायच्या. हेच प्रात्यक्षिक.

दोन क्रेडिटचे 50 गुण धरले तर 20 गुण बाहेरच्या नोंदींना (तारीख, वेळ, समोरच्याचे शब्द जसेच्या तसे), 15 नमुन्यात केलेल्या बदलांना, 15 तोंडी परीक्षेला द्यावेत. नफ्याला गुण देऊ नयेत. दिले की मुलं मामाच्या दुकानात माल विकून पावत्या आणतात. नोंदी खोट्या आहेत का हे ओळखायची सोपी खूण म्हणजे सगळ्या मुलाखती एकाच शाईत, एकाच लांबीच्या, आणि कोणीच नकार दिलेला नाही.

मूल्यमापनाचा वेळ वेगळा धरावा. 120 गट, प्रत्येकाचे तीन आढावे, दर आढाव्याला दहा मिनिटं म्हणजे 60 तास. कार्यभारात हा न धरल्यास शेवटच्या आठवड्यात सगळ्यांना सरसकट 42 गुण पडतात.

मायनर: ज्यांना खरंच यात उतरायचंय त्यांच्यासाठी उत्तम

एखाद्या मुलाला खरोखर यात उतरायचं असेल तर 18-20 क्रेडिटच्या मायनरला तोड नाही. बाजार अभ्यास, हिशेब, कायदे, बौद्धिक संपदा, शेवटी प्रकल्प असं सगळं क्रमानं बसतं. आयआयटी मुंबईत देसाई सेठी स्कूलच्या माध्यमातून उद्योजकतेचं मायनर चालतं. पण तिथला क्रम ध्यानात घ्यावा: विद्यार्थ्यांचा ई-सेल (उद्योजकता मंडळ) 1998 पासूनचा, साईन हे इन्क्युबेटर 2004 चं, आणि आता स्कूल झालेलं देसाई सेठी केंद्र 2014 मधलं. शिवाय मुलं चोवीस तास परिसरात राहणारी, प्रयोगशाळा रात्री उघड्या. एसटी पकडून गावी जाणाऱ्या मुलांच्या महाविद्यालयानं तीच रचना उचलली तर पहिल्याच वर्षी ती गळून पडते.

अडचण साधी असते. मायनर मध्येच सोडलं तर क्रेडिट कुठे वळवायची हे लिहून ठेवलेलं नसतं. विषय शिकवणारा तासिका तत्त्वावरचा शिक्षक पुढच्या जूनमध्ये असेलच असं नाही. तीन वर्षांसाठी दोन कायम शिक्षकांची नावं लिहून देता येत नसतील तर मायनर सुरू करू नये.

फील्ड प्रोजेक्ट आणि ओजेटी: दुर्लक्षित, पण जागेवर असलेलं

हा मार्ग आम्हाला सगळ्यात कमी कष्टाचा वाटतो. सगळ्यांच्या आराखड्यात फील्ड प्रोजेक्ट आहे, सामाजिक सहभागाचे तास आहेत, आणि ओजेटीचे 4 क्रेडिट म्हणजे 120 तास आहेत. नवीन पेपर नको, नवी मंजुरी बहुधा नको. फक्त विषयाच्या यादीत "स्वतःचा उपक्रम" हा पर्याय घालायचा आणि मार्गदर्शकाला वरचाच नोंदीचा नमुना द्यायचा. भूगोलाची मुलगी गावच्या आठवडी बाजाराचा नकाशा काढते. त्यात "कोणता माल दुपारनंतर पडून राहतो" हा एक रकाना वाढवला की भूगोलही राहतो आणि उद्योजकताही येते.

आयतं प्रमाणपत्र हा इथला रोग. ओळखीच्या दुकानदाराचा शिक्का आणि 120 तासांची एकाच दिवशी भरलेली हजेरी. दर आठवड्याला एक फोटो आणि पाच ओळी, मार्गदर्शकाचे दोन फोन, एवढ्यानं बराच आळा बसतो.

इन्क्युबेशन केंद्र आणि आयआयसी

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 नुसार विद्यापीठांत नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य यांसाठी स्वतंत्र संचालकाची तरतूद आहे. केंद्र सरकारच्या आयआयसीचं, म्हणजे महाविद्यालयातल्या नवोपक्रम परिषदेचं, जाळंही आहे. महाविद्यालयानं आयआयसी जरूर स्थापन करावी, कारण स्पर्धांची दारं तिथून उघडतात. पण तिच्या पोर्टलवर उपक्रम चढवणं आणि उद्योजकता शिकवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जिओटॅग फोटोत बॅनर सरळ आला की कार्यक्रम झाला, अशी सवय आपल्याला महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकनं लावलेलीच आहे.

स्पर्धांचंही तसंच. स्मार्ट इंडिया हॅकेथॉन या देशपातळीवरच्या तंत्रज्ञान स्पर्धेच्या संघात सहा जण, त्यांत किमान एक मुलगी लागते. प्रत्यक्षात कोडिंग येणारे तिघे काम करतात आणि बाकीचे पीपीटी. कलाशाखेसाठी ही सुरुवात होऊ शकत नाही.

केंद्र काढायचंच असेल तर यंत्राआधी व्यवस्थापक नेमावा. बँकेच्या, नोंदणीच्या कागदांत मदत करणारा एक माणूस पाच यंत्रांच्या बरोबरीचा. यंत्र घेतलंच तर त्याची देखभाल कोण करणार ते आधी लिहावं. कोकणात थ्रीडी प्रिंटरच्या पीएलए फिलामेंटचं (प्लास्टिकच्या तारेचं) रीळ जुलैत उघडं राहिलं तर ओल धरतं, ठिसूळ होतं, छापताना नोझलमधून तडतड आवाज येतो आणि थर नीट बसत नाहीत. मग "प्रिंटर बिघडला" अशी तक्रार वर जाते. हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या एवढाच इलाज असतो. मुलांच्या कंपन्यांत भागभांडवल घेणारं इन्क्युबेटर चालवायचं तर कलम 8 (विना-नफा) कंपनी किंवा सोसायटी अशी वेगळी संस्था लागते. लेखापरीक्षणाचा वार्षिक खर्च तिथूनच सुरू होतो.

हक्कांचा कागद, कोणताही मार्ग घेतला तरी

केंद्राच्या 2019 च्या राष्ट्रीय नवोपक्रम व स्टार्टअप धोरणात विद्यार्थ्यांसाठी बऱ्याच सवलती सुचवल्या आहेत: परवानगीनं हजेरीत सूट, कंपनी नोंदवायला इन्क्युबेशन केंद्राचा पत्ता. संस्थेनं वार्षिक अंदाजपत्रकाचा किमान 1 टक्का यासाठी ठेवावा असंही त्यात आहे. इन्क्युबेशनच्या मोबदल्यात संस्थेला स्टार्टअपमध्ये 2 ते 9.5 टक्के हिस्सा घेता येईल असं त्यात म्हटलंय.

एक ओळ मात्र पालकांना आणि मुलांना सहसा कोणी वाचून दाखवत नाही. संस्थेची साधनं मोठ्या प्रमाणात वापरली, किंवा अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काही विकसित झालं, तर बौद्धिक संपदा संशोधक आणि संस्था यांची संयुक्त धरावी, असं हे धोरण सांगतं. म्हणजे कल्पना ओपन इलेक्टिव्हच्या वहीत लिहिली की संस्था भागीदार होऊ शकते. महाविद्यालयानं आपलं धोरण करताना "वर्गातल्या प्रकल्पावर संस्था हक्क सांगणार नाही, केंद्राचा निधी घेतला तरच सांगेल" असं काहीतरी स्पष्ट लिहावं आणि सत्राच्या पहिल्या तासाला वाचून दाखवावं. नाहीतर चांगली कल्पना असलेली मुलं वर्गात फालतू कल्पना मांडतात.

आणि आविष्कारसारख्या संशोधन स्पर्धेत पोस्टर लावायचं असेल तर पेटंटचा अर्ज आधी. जाहीर दाखवलेली गोष्ट नवीन राहत नाही. जाहीर दाखवल्यावरही अर्ज करू देणाऱ्या कायद्यातल्या 12 महिन्यांच्या सवलती ठरावीक प्रसंगांपुरत्याच आहेत, त्यांच्या भरवशावर राहू नये. तात्पुरत्या विवरणासह अर्ज ऑनलाइन दाखल करायला विद्यार्थ्याला किंवा शैक्षणिक संस्थेला 1,600 रुपये शुल्क पडतं आणि पूर्ण विवरण द्यायला 12 महिने मिळतात. आधी त्या अर्जाची पावती हातात घ्यावी, मगच पोस्टर छापायला टाकावं.