नोकरी सांभाळून समुदाय विकासाचे पदव्युत्तर शिक्षण : एमएसडब्ल्यू, ग्रामीण विकासातील एम.ए. की पूर्णवेळ पदवी?

स्वयंसेवी संस्थेत प्रकल्प समन्वयक म्हणून, उमेद या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानात तालुका पातळीवर किंवा महापालिकेच्या समाज विकास विभागात काही वर्षे काम केलेल्या अनेकांना पदव्युत्तर पदवीची गरज जाणवू लागते. कोणाची बढती तिच्यावाचून अडलेली असते, तर कोणाला आपण रोज करतो त्या कामामागचे शास्त्र नीट समजून घ्यायचे असते. अशा व्यक्तीपुढे महाराष्ट्रात मुख्यतः तीन पर्याय असतात : इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची, म्हणजे इग्नूची, समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी अर्थात एमएसडब्ल्यू, त्याच विद्यापीठाची ग्रामीण विकासातील एम.ए.; आणि रजा घेऊन किंवा नोकरी थांबवून केलेली पूर्णवेळ पदवी. बहुतेक जण शुल्क आणि विद्यापीठाचे नाव पाहून निवड करतात. माझ्या मते या निवडीत सर्वांत जास्त वजन क्षेत्रकार्याला, म्हणजे लोकांमध्ये प्रत्यक्ष काम करून शिकण्याच्या भागाला, आणि ते कोणाच्या देखरेखीखाली होणार या प्रश्नाला द्यायला हवे.

त्याआधी एक रोखठोक बाब तपासून घ्यावी. ज्या पदासाठी पदवी हवी आहे, त्याची जुनी जाहिरात काढून शैक्षणिक अर्हतेचा रकाना शब्दशः वाचावा. शासकीय रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षक किंवा समाजकार्य महाविद्यालयातील अध्यापक व्हायचे असेल, तर समाजकार्याचीच पदवी लागते; तेथे ग्रामीण विकासातील एम.ए. कितीही चांगल्या गुणांनी मिळवली तरी उपयोगी पडत नाही. पाणलोट, उपजीविका, पंचायत सक्षमीकरण अशा प्रकल्पांत मात्र सहसा दोन्ही पदव्या चालतात. इग्नूसारख्या मुक्त विद्यापीठाची दूरस्थ पदवी दुय्यम मानली जाईल ही भीती अजूनही ऐकू येते. मान्यताप्राप्त दूरस्थ व ऑनलाइन पदव्या नियमित पदव्यांशी समकक्ष असल्याचे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. अट इतकीच की, तो अभ्यासक्रम त्या विशिष्ट सत्रासाठी आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या यादीत असला पाहिजे. ही यादी प्रवेशाच्या दिवशी स्वतः पाहावी, एजंटच्या शब्दावर विसंबू नये.

वेळेचा हिशेब इग्नूच्या दोन्ही पदव्यांसाठी जवळजवळ सारखाच आहे. तेथे एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचा अभ्यास. पदवी साधारण ६५ श्रेयांकांची धरली, तर एकूण सुमारे १,९५० तास होतात. दोन वर्षांत संपवायचे ठरवल्यास आठवड्याला जवळपास १९ तास द्यावे लागतात आणि कमाल मुदत, म्हणजे चार वर्षे, घेतल्यास साडेनऊ. ज्यांच्या गावभेटी मार्चअखेरीस दुपटीने वाढतात आणि ज्यांची संध्याकाळ बचतगटांच्या बैठकीत जाते, त्यांनी सुरुवातीपासूनच तीन ते चार वर्षांचे नियोजन करावे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. सत्रांत परीक्षा जून आणि डिसेंबर अशा दोनदा होत असल्याने विषय वाटून घेता येतात; परंतु स्वाध्याय वेळेत दिले नाहीत, तर परीक्षेची संधीही हातची जाते.

आता मूळ मुद्दा. एमएसडब्ल्यूमध्ये सिद्धान्ताच्या बरोबरीने क्षेत्रकार्य असते आणि तिचे खरे मोल तेथेच आहे. नोकरी करणाऱ्याला वाटते की आपण रोज क्षेत्रातच असतो, तेव्हा हा भाग आपोआप पार पडेल. प्रत्यक्षात नोकरीतील काम आणि शिकण्यासाठी केलेले काम यांच्या नोंदी अगदी निराळ्या असतात. संस्थेच्या मासिक अहवालात 'महिला सभा घेतली, ४० महिला उपस्थित, पाणीपुरवठ्याबाबत माहिती दिली' एवढे लिहिले की भागते. क्षेत्रकार्याच्या नोंदवहीत हेच वाक्य घेऊन गेलात, तर जाणकार मार्गदर्शक विचारतो : त्या ४० जणींपैकी बोलल्या किती? दाराशी बसलेल्या कोणत्या वस्तीतल्या होत्या? सरपंच आत आल्यावर कोण गप्प झाले, आणि त्या क्षणी तुम्ही काय केलेत? या प्रश्नांची उत्तरे लिहिताना स्वतःच्या कामाकडे पाहण्याची दृष्टी पालटते. समुदाय संघटनाचे कौशल्य बव्हंशी येथेच घडते आणि त्याला मुद्रित पुस्तिकेचा पर्याय नाही.

म्हणून इग्नूची एमएसडब्ल्यू निवडणाऱ्याने अर्ज भरण्यापूर्वीच आपल्या अभ्यासकेंद्रावर जाऊन क्षेत्रकार्याचे मार्गदर्शक कोण आहेत, ते किती विद्यार्थी सांभाळतात, नोंदवह्या वाचून परत देतात की केवळ सही करतात, हे मागच्या तुकडीतील विद्यार्थ्यांना विचारावे. क्षेत्रकार्य स्वतःच्या संस्थेत करता येईल का, की दुसरीकडे जावे लागेल, याचे उत्तर केंद्राकडून लेखी घ्यावे, कारण त्यावर तुमच्या सगळ्या सुट्ट्या अवलंबून असतात. माझे प्रामाणिक मत असे की सोय असूनही दुसऱ्या संस्थेत जावे. आपल्याच वरिष्ठाच्या हाताखाली आपलेच काम शिक्षण म्हणून मांडताना अवघड प्रश्न टाळले जातात.

ग्रामीण विकासातील एम.ए.चा भर धोरणे, योजना, नियोजन आणि संशोधनपद्धती यांवर आहे. स्वयंसेवी कृती, भूमिसुधारणा यांसारखे विषय त्यात आहेत आणि शेवटी लघुशोधप्रबंध लिहावा लागतो. नोकरदाराला हा प्रबंध फार मोलाचा ठरू शकतो, कारण ज्या माहितीसाठी इतरांना महिनोन्‌महिने फिरावे लागते, ती त्याच्या कार्यक्षेत्रातच असते. गडचिरोलीत काम करणारा कार्यकर्ता २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांतील व्यवस्थापन समित्यांचा अभ्यास करू शकतो; मेंढा-लेखासारख्या गावाचा अनुभव त्याच्या जिल्ह्यातच आहे. मात्र ही पदवी लोकांशी बोलायला शिकवत नाही. ते कौशल्य ज्यांच्याकडे आधीच आहे आणि ज्यांना आता प्रस्ताव, मूल्यमापन, धोरणविषयक लेखन याकडे वळायचे आहे, त्यांना ती अधिक साजेशी आहे.

पूर्णवेळ पदवीची तुलना केवळ शुल्काशी करणे अपुरे आहे. दोन वर्षांचा बुडालेला पगार त्यात मिळवला पाहिजे. तरीही १९३६ मध्ये स्थापन झालेली टाटा समाज विज्ञान संस्था आणि तिचे तुळजापूर येथील संकुल, मुंबईचे निर्मला निकेतन, पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था येथे क्षेत्रकार्यावर जी सलग देखरेख मिळते, तिची बरोबरी दूरस्थ पद्धतीत क्वचितच होते. शासकीय कर्मचाऱ्यांसाठी अध्ययन रजेची तरतूद आहे, पण ती मंजूर करणे वरिष्ठांच्या हाती असते, त्यामुळे रजेचा आदेश हाती पडेपर्यंत प्रवेश पक्का करू नये.

भाषेचा प्रश्नही लहान नाही. इग्नूच्या या दोन्ही पदव्या इंग्रजी आणि हिंदी माध्यमांत आहेत, तर राज्यातील अनेक समाजकार्य महाविद्यालयांत उत्तरे मराठीत लिहिता येतात. पदव्युत्तर पदवी आधीच हाती असेल आणि केवळ विषयाची बैठक हवी असेल, तर इग्नूची किंवा हैदराबादच्या राष्ट्रीय ग्रामीण विकास व पंचायती राज संस्थेची दूरस्थ पदविका पुरेशी आहे.

कामात पाच वर्षांहून कमी काळ झालेल्या आणि घरची जबाबदारी अजून हलकी असलेल्या व्यक्तीला मी पूर्णवेळ पदवीच सुचवेन. घर चालवणाऱ्याने, जवळच्या केंद्रावर चांगला मार्गदर्शक असल्यास, दूरस्थ एमएसडब्ल्यू घ्यावी. तो नसेल आणि पदासाठी समाजकार्याच्या पदवीची अटही नसेल, तर ग्रामीण विकासातील एम.ए. घेऊन लघुशोधप्रबंधाचा विषय पहिल्याच वर्षी ठरवावा आणि आपल्या संस्थेतील नोंदी वापरण्याची परवानगी तेव्हाच मागून ठेवावी.